उरलेल्या स्मृतीची जपणूक

विस्मरण हा वार्धक्याचा स्वभावधर्मच होय, ही समजूत आपल्याकडे इतकी रूढ आहे की, वडीलधारे माणूस पोटच्या मुलाचे नाव विसरू लागले तरी 'म्हातारचळ' या एका शब्दात त्याच्या दुखण्याची बोळवण होते. वास्तविक ही मेंदूची व्याधी आहे. १९०६ साली ट्यूबिंगेन येथे डॉ. आलोईस अल्झायमर यांनी एका दिवंगत रुग्ण स्त्रीच्या मेंदूत आढळलेल्या विकृतींची हकिकत विद्वानांपुढे मांडली. पुढे व्याधीला त्यांचेच नाव मिळाले.

या व्याधीत मज्जापेशींचे निरोप पोहोचविणारे अ‍ॅसेटिलकोलिन हे द्रव्य उणे पडते. डोनेपेझिलची गोळी त्याचा नाश मंदावते, त्यामुळे काही काळ रुग्णाला आधार मिळतो; पेशींचा ऱ्हास मात्र थांबत नाही. अमेरिकेने २०२३ साली मान्य केलेले लेकानेमॅब हे अमिलॉइड प्रथिनाचे मेंदूतील किटणच काढू पाहते. १,७९५ रुग्णांवरील अठरा महिन्यांच्या चाचणीत त्याने अवनती सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली. परंतु १८ गुणांच्या मापावर हा फरक अर्ध्या गुणाहूनही कमी होता, आणि औषध आरंभीच्या अवस्थेपुरतेच असून मेंदूला सूज येण्याचा वा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार तपासणी अपरिहार्य ठरते.

बुद्धीच्या तालमीचीही तीच गत. शब्दांच्या याद्या घोकून घेतल्या तर घोकणे सुधारते, व्यवहार सुधारतोच असे नाही. मात्र २००३ साली एमी स्पेक्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडात २०१ जणांवर केलेला प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. सात आठवड्यांत पाऊण-पाऊण तासाच्या चौदा बैठका, त्यांत गप्पा, खेळ, गाणी. आणि तेवढ्यावर मिळालेला लाभ गोळ्यांच्या लाभाशी तुलना करण्याजोगा! या पद्धतीचे एक सूत्र असे की, रुग्णाची आठवण तपासू नये, त्याचे मत विचारावे.

या सूत्राची प्रचीती मी घरातच घेतली. "मावशी, आज वार कोणता?" असे विचारताच माझी मावशी पदराचे टोक चुरगाळीत खाली पाहत बसे. एकदा सहज विचारले, "पुरणात गूळ बरा की साखर?" तशी ती ताठ बसून म्हणाली, "साखरेच्या पुरणाला का कुठे चव असते!" आणि पुढे बराच वेळ बोलत राहिली.

म्हणून वाचकांस विनंती एवढीच की, अशा माणसापुढे जाऊन "ओळखलंत का मला?" असे विचारू नका. आधी आपले नाव सांगा, आणि मग जवळ बसा.