मुरुडचा समुद्र : मौज चार दिवसांची, धडा धंद्याचा

लातूर जिल्ह्यात कोणी "मुरुडला चाललो" म्हटले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बार्शी रस्त्यावरचे आपले मुरुड येते. तिथे बाजार आहे, एसटी स्टँड आहे. समुद्र मात्र शेकडो किलोमीटर दूर. गेल्या हिवाळ्यात आम्ही दुसऱ्या मुरुडला, म्हणजे रायगड जिल्ह्यातल्या मुरुड-जंजिऱ्याला जाऊन आलो. सोबत लातूरचे एक किराणा दुकानदार आणि नांदेडचे एक कापड व्यापारी होते. दोघांच्या बायका-मुलांसह आणि कापड व्यापाऱ्यांच्या वृद्ध दादींसह आमचा अकरा जणांचा काफिला झाला.

आपल्याकडचा छोटा व्यापारी सहलीला सहसा निघत नाही. चार दिवस शटर खाली राहिले की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते, ही धास्ती असते. त्यामुळे आमच्या या दोन मित्रांना घराबाहेर काढणे सोपे नव्हते. पण गेल्यावर दोघांनी जे पाहिले, ते त्यांना दुकानात बसून कधीच दिसले नसते. म्हणूनच हा मजकूर सहलीच्या पानाऐवजी व्यापाराच्या पानावर देत आहोत.

जावे कसे आणि केव्हा?

लातूरहून रात्री निघणारी रेल्वे सकाळी मुंबईला पोहोचवते. नांदेडकरांना देवगिरी एक्सप्रेस सोयीची आहे. मुंबईत गेटवे ऑफ इंडियावरून मांडव्याची लाँच धरावी. पुढे बसने अलिबाग आणि तेथून एसटीने सुमारे पन्नास किलोमीटरवर मुरुड. पावसाळ्यात लाँच बंद असते, जंजिऱ्याच्या होड्याही बंद असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. ३१ डिसेंबरची गर्दी आणि जोडून आलेल्या सुट्ट्या मात्र टाळाव्यात; त्या दिवसांत खोलीचे भाडे किती होईल याचा नेम नसतो.

काय पाहावे, काय करावे?

पहिला मान अर्थातच जंजिरा किल्ल्याचा. मुरुडजवळच्या राजपुरी गावातून शिडाच्या होड्या सुटतात. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही; वारा शिडात भरला की होडी आपोआप चालू लागते. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी होड्या काही वेळ थांबतात, हे ध्यानात ठेवून निघावे. किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. हत्तींना पकडून ठेवलेल्या श्वापदाचे शिल्प, कलाल बांगडी ही अजस्र तोफ, पडक्या वाड्यांच्या भिंती आणि चहूबाजूंनी खारे पाणी असताना आत गोड्या पाण्याचे तलाव, असा सारा थाट आहे. हा किल्ला शेवटपर्यंत कोणाला लढून जिंकता आला नाही. १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत येथे सिद्दींचे राज्य होते.

दुसरी मौज किनाऱ्यावरची. संध्याकाळी घोडागाडी, उंटाची सवारी, भेळ, शहाळे आणि वाळूत किल्ले बांधणारी मुले. तिसरी मौज अगरदांडा ते दिघी जंगल जेट्टीची. मोटारी, दुचाक्या आणि माणसे एकाच बोटीवर चढून खाडी ओलांडतात. आमच्या मुलांना किल्ल्यापेक्षा ही बोटच जास्त आवडली. चौथी, फणसाड अभयारण्यातली सकाळची फेरी. नशीब असेल तर शेकरू दिसते. पाचवी, अलिबागच्या वाटेवरचे काशीदचे पांढऱ्या वाळूचे किनारे आणि कोर्लईचा पोर्तुगीज किल्ला. कोर्लई गावात आजही काही कुटुंबे पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतात.

सहावी मौज जेवणाची. तांदळाची भाकरी, सुरमईचे कालवण, तळलेले पापलेट आणि वर सोलकढी. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या आमच्या मंडळींना पहिल्या दिवशी बोंबलातले काटे काढताना घाम फुटला. दुसऱ्या दिवशी तेच अजून एक ताट मागत होते.

दादींना आम्ही खुर्ची टाकून पाण्याजवळ बसवले होते. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "एवढं पाणी, अन् घोटभर पिता येत नाही." किराणा दुकानदारांनी मान हलवली. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तेव्हा घागर घेऊन रांगेत उभे राहिलेल्यांपैकी ते एक. गंमत अशी, की या समुद्राकाठच्या गावालाही पिण्याच्या पाण्यासाठी नवाबी काळात डोंगरातल्या गारंबीला धरण बांधावे लागले. ते ठिकाणही पाहण्यासारखे आहे.

एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे

आपण विहिरीत आणि गोदावरीच्या डोहात पोहणारी माणसे. समुद्राची भरती-ओहोटी आपल्याला कळत नाही. ओहोटीचे पाणी आत जाताना पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ओढून नेते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतील डझनाहून अधिक विद्यार्थी याच मुरुडच्या किनाऱ्यावर बुडून मरण पावले. म्हणून भरती-ओहोटीची वेळ स्थानिक कोळ्यांना विचारावी, गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये, मुलांवरून नजर काढू नये आणि होडीत लाइफ जॅकेट मागून घ्यावे. मागायला लाजू नये.

हिशोबाची वही

आमच्या किराणा मित्रांना सवय अशी, की खर्चाचा प्रत्येक पैसा वहीत उतरवायचा. पहिल्या रात्री त्यांनी वही उघडली आणि आम्हाला जवळ बोलावले. "आज किती खर्च झाला ते सोडा," ते म्हणाले, "किती जणांना दिला ते मोजा." आम्ही मोजले. रिक्षावाला, होड्यांची संस्था, किल्ला दाखवणारा, टोप्यांवाला, शहाळेवाला, काकडी विकणारी बाई, दुपारची खानावळ, घोडागाडीवाला, उंटवाला, भेळवाला, कोकम-आगळ विकणारी बाई, सुक्या मासळीची कोळीण आणि घराची मालकीण. एका दिवसात एका काफिल्याचा पैसा तेरा हातांत गेला.

या तेरांत मोठे भांडवलदार कोणी नाही. कोळी, मुसलमान, माळी, सारी साधी माणसे. राजपुरीच्या होड्या सहकारी संस्थांमार्फत चालतात. तिकीट संस्थेच्या खिडकीवर मिळते आणि प्रवाशाला ओढण्यासाठी होडीवाल्यांत झोंबाझोंबी होत नाही. किमती ठरलेल्या, पाळी ठरलेली. आपल्याकडे एसटी स्टँडबाहेर ऑटोवाल्यांची जी ओढाताण चालते, ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या व्यवस्थेचे मोल कळेल.

आम्ही उतरलो ते घर एका कोकणी मुसलमान बाईंचे. मागे वाडी, पुढे ओटा, वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना. स्वयंपाक त्या स्वतः करीत, बाजार धाकटा मुलगा आणी. थोरला कित्येक वर्षे आखातात होता. "आपा, तो परत का आला?" असे आमच्या मित्रांनी विचारले. त्या म्हणाल्या, "तिथं पगार जास्त होता. इथं तो रोज रात्री घरी जेवतो." किराणा मित्र त्यावर काही बोलले नाहीत. त्यांचा स्वतःचा मुलगा पुण्यात एका गोदामात नोकरीला आहे आणि ईदला दोन दिवसांसाठी घरी येतो.

या धंद्याला धोकाही आहे, तो लपवून चालणार नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या या पट्ट्यातील नारळी-सुपारीच्या बागा मुळासकट आडव्या केल्या. नवे झाड उत्पन्नावर यायला कित्येक वर्षे लागतात. त्याच वर्षी टाळेबंदीमुळे प्रवासीही आले नाहीत. बाईंच्या वाडीत अजून रोपेच जास्त दिसली. पण ज्यांच्याकडे वाडी, खोल्या आणि होडी अशी दोन-तीन साधने होती, ते लवकर सावरले, असे त्यांनी सांगितले. एकाच पिकावर, एकाच धंद्यावर विसंबू नये, हे सोयाबीनच्या भावाकडे डोळे लावून बसणाऱ्या लातूरकरांना वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे काय कमी आहे?

परतीच्या गाडीत हाच विषय निघाला. कापड व्यापारी म्हणाले, "त्यांच्याकडे समुद्र आहे, आपल्याकडे काय?" आम्हाला हे मान्य नव्हते. मुरुडला आम्ही काय पाहिले? पाण्याने वेढलेला एक किल्ला. तसा किल्ला नांदेडपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर कंधारला आहे. भुईकोट, मजबूत तट आणि भोवती पाण्याचा खंदक. तिथे राष्ट्रकूटांच्या काळातला प्रचंड तलाव आहे आणि जुन्या शिलालेखात त्याचे नाव चक्क 'जगत्तुंग समुद्र' असे आहे. म्हणजे हजार वर्षांपूर्वी आपल्याकडेही समुद्र होता. फक्त तो दाखवायला आपण कोणाला बोलावले नाही.

जंजिऱ्याच्या सिद्दींचे नातेही आपल्या भागाशी आहे. जंजिऱ्याचे सिद्दी मूळचे अहमदनगरच्या निजामशाहीचे सरदार. त्याच निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हाही हबशी. १६३६ मध्ये शहाजहानच्या फौजांनी उदगीरचा किल्ला घेतला, तेव्हा तिथला किल्लेदार सिद्दी मिफ्ताह होता. औसा त्याच मोहिमेत पडले. पुढे १७६० मध्ये मराठे आणि निजाम यांच्यातली प्रसिद्ध लढाई उदगीरलाच झाली. जंजिऱ्यात होडीवाला दहा मिनिटे इतिहास सांगतो आणि चार पैसे मिळवतो. उदगीर, औसा आणि कंधार येथे सांगण्यासारखे काही कमी नाही. सांगणारा तरुण मात्र दिसत नाही. त्यात खरोशाची लेणी, माहूर आणि पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा यांची भर घातली, तर पाहुण्याचे तीन दिवस सहज भरतात.

पाहुणा येत नाही, असेही म्हणता येणार नाही. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याला देशभरातून आणि परदेशातून भाविक येतात. अमृतसरहून थेट रेल्वे आहे. २००८ मध्ये गुरुतागद्दीच्या त्रिशताब्दीला तर शहराचे रूपच पालटले. लातूरला शिकवणीसाठी हजारो मुले बाहेरगावाहून येतात आणि त्यांचे आईबाप भेटायला येतात. रविवारी सकाळी मुलाला भेटल्यावर हे आईबाप संध्याकाळच्या बसपर्यंत कुठे बसतात? स्टँडवर. आणि औशाचा किल्ला तिथून अवघ्या वीस किलोमीटरवर! एप्रिल २०२२ मध्ये उदगीरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा गावाला किती पाहुणे पेलता येतात हे दिसलेच आहे.

आम्ही मध्यंतरी कंधारला गेलो होतो. किल्ला पाहून मन भरले. पण दिवसभरात त्या गावात आमच्या खिशातून चहाखेरीज काही खर्च झाला नाही. पैसे खिशात होते, देण्याची इच्छाही होती. घेणारा कोणी नव्हता. व्यापारी बंधूंनी या एका वाक्यावर विचार करावा.

सुरुवात लहान करावी

यासाठी मोठे हॉटेल बांधण्याची गरज नाही. किल्ले संरक्षित वास्तू आहेत. तिथे परवानगीशिवाय एक वीटही हलवता येत नाही आणि हलवूही नये. पण किल्ल्याबाहेर बरेच काही करता येते. घरात रिकामी खोली असेल, तर राज्याच्या पर्यटन खात्याची 'निवास व न्याहारी' योजना आहे, तिची चौकशी करावी. चार-पाच ऑटोवाल्यांनी मिळून स्टँड ते किल्ला ते स्टँड असा दर ठरवून फलकावर लिहावा. इतिहास शिकलेल्या दोन तरुणांनी किल्ला नीट अभ्यासून हिंदी, मराठी आणि उर्दूत सांगता येईल अशी तयारी करावी. ज्वारीची भाकरी, ठेचा आणि गरम डाळ ही आपली सुरमई आहे, असे समजून ताट मांडावे. आणि स्वच्छतागृह आधी बांधावे, मग फलक लावावा. बायका-मुलांचा काफिला कुठे थांबायचे हे त्यावरूनच ठरवतो, हा आमचा अनुभव आहे.

लातूरला परतल्यावर महिन्याभराने आम्ही किराणा मित्रांच्या दुकानात गेलो. दुकानावरच्या दोन खोल्यांत पूर्वी तेलाचे रिकामे डबे असत. डबे गेले होते, भिंतींना चुना लागला होता. शनिवार-रविवार शिकवणीच्या मुलांच्या आईबापांना त्या द्यायच्या आणि शेजारच्या ऑटोवाल्याशी बोलून त्यांना औसा दाखवून आणायचे, असा त्यांचा बेत आहे. नोंदणीचा अर्ज भरून तयार होता. अर्जावर कोणाचे नाव घालायचे, हे मात्र अजून ठरले नव्हते.

"पुण्याला फोन केलाय," ते म्हणाले. "ईदला येईल तेव्हा बोलू. पटलं तर त्याच्याच नावावर करू."