पाड्यावरचे आजार आणि पारखलेले उपचार

पालघर जिल्ह्यातलं जव्हारचं कुटीर रुग्णालय घ्या, मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय घ्या की खोडाळ्याचं प्राथमिक आरोग्य केंद्र. पावसाळ्यात ओपीडीत तेच ते आजार येतात. जुलाब, खोकला, ताप, खरूज आणि अधूनमधून विंचू किंवा साप चावलेला माणूस. या प्रत्येकावर नीट तपासून पाहिलेले उपचार आहेत, बहुतेक स्वस्त आणि पाड्यापर्यंत पोचतील असे. 1992-93 मध्ये वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं, तेव्हापासून इथल्या कुपोषणाची चर्चा होते. पण कुपोषित मूल शेवटी दगावतं ते बहुधा जुलाबानं किंवा न्यूमोनियानं, म्हणून या साध्या आजारांचा उपचार अचूक होणं इथं इतर कुठल्याही ठिकाणापेक्षा जास्त मोलाचं आहे.

जुलाब: पुडी आणि गोळी

1971 साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला लावलं, तेही नातेवाइकांच्या हातून. 30 टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण 4 टक्क्यांखाली आलं. आजची ओआरएसची पुडी त्याच तत्त्वावरची.

एक पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात, सगळी एकदम. अर्धी पुडी ग्लासभर पाण्यात असा अंदाजपंचे हिशेब नको; मीठ जास्त झालं तर मुलाला अपाय होतो. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सावकाश. सोबत झिंकची गोळी: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम, 14 दिवस. जुलाब थांबले की गोळी थांबते, ही नेहमीची गफलत आहे. पुढच्या दोन-तीन महिन्यांत जुलाब कमी व्हावेत म्हणूनच ती पूर्ण द्यायची. अंगावरचं दूध आणि नागलीची पेज चालूच राहू दे. रक्त पडत नसेल तर प्रतिजैविकाची गरज सहसा नसते. मूल पाणी पिईनासं झालं, डोळे खोल गेले, सुस्त पडलं, तर मात्र दवाखाना गाठायचाच. सलाईन त्यावेळी हवं.

मोखाड्यात मध्य वैतरणासारखं धरण आहे, त्याचं पाणी मुंबईला जातं, आणि उन्हाळ्यात पाड्यावरच्या बाया झऱ्यातलं गढूळ पाणी वाटीनं भरतात. हे बदलल्याशिवाय जुलाब कमी होणार नाहीत, हेही डॉक्टरांनी बोलायला हवं.

खोकला: पूर्ण मिनिट श्वास मोजा

सर्दी-खोकला आणि न्यूमोनिया यांतला फरक घड्याळानं कळतो. मूल आईच्या मांडीवर शांत हवं. रडत असेल, दूध पीत असेल तर थांबायचं. झबलं वर करायचं, पोट-छाती वर येते ते पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांखालच्या बाळाचे 60 किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे 50, पाच वर्षांपर्यंतच्याचे 40 भरले, तर श्वास जलद आहे. छाती आत ओढली जात असेल, किंवा बाळ दोन महिन्यांखालचं असेल, तर थेट रुग्णालय.

हे काम आशाताई करू शकते. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच माणसांना श्वास मोजायला आणि औषध द्यायला शिकवलं. न्यूमोनियाचे बालमृत्यू घटले आणि 1990 साली तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. श्वास जलद नसेल, तर साध्या खोकल्याला प्रतिजैविक देऊ नये. कफ सिरपही लहान मुलाला नको.

ताप: आधी रक्ताचा थेंब

तापाला सुई मागण्याची सवय घट्ट आहे. पण सुईनं ताप तात्पुरता उतरतो, कारण कळत नाही. बोटातून एक थेंब घेऊन मलेरियाची झटपट चाचणी करायची. आवणीच्या दिवसांत चिखलात उभं राहून आलेल्या माणसाच्या पोटऱ्या ठणकत असतील, डोळे लाल असतील, तर लेप्टोस्पायरोसिसचा संशय धरून लगेच औषध सुरू करायचं, अहवालाची वाट बघत बसायचं नाही.

विंचू आणि साप

लाल विंचवाच्या दंशानं कोकणात माणसं मरत असत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांशेजारी बसून नोंदी केल्या आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीनं मरणं विलक्षण कमी होतात हे दाखवलं. घाम सुटणं, उलट्या, हातपाय गार पडणं ही धोक्याची खूण. नुसती वेदना असेल तर जागा बधिर करणं पुरतं.

सापाच्या बाबतीत वेळ हाच उपचाराचा मोठा भाग. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावतो. दुखत नाही, खूणही दिसत नाही, पहाटे पोटात दुखतं आणि पापण्या जड होतात. घोणस, फुरसे चावल्याचा संशय असेल तर रुग्णालयात एक साधी चाचणी होते. स्वच्छ, कोरड्या काचनळीत दोन मिलिलिटर ताजं रक्त, 20 मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी तिरकी करायची. रक्त वाहिलं, गोठलं नाही, तर विषानं रक्त बिघडलंय. प्रतिविष लगेच सुरू.

घरी करायचं ते एवढंच: चावलेला हात-पाय फळीला बांधून हलू द्यायचा नाही, आवळपट्टी बांधायची नाही, चिरायचं नाही, 108 ला फोन. भगताशी भांडण मांडू नये. त्यानं मंत्र म्हणावा, पण गाडीत बसून. रुग्णाला गाडीत घालणारा पहिला माणूस भगतच असेल, तर जीव वाचण्याची शक्यता वाढते, कारण पाड्यावर शब्द त्याचा चालतो. मोखाड्याहून त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिक गाठायचं झालं, तरी प्रतिविषाचा पहिला डोस जवळच्या रुग्णालयात घेऊनच निघावं.

खरूज

मलम एकट्या मुलाला लावून उपयोग नाही. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतही पर्मेथ्रिन लावायचं, आठवड्यानं पुन्हा. अंथरूण-पांघरूण कडक उन्हात.

भट्टीवर जाणाऱ्यांच्या गोळ्या

दिवाळीनंतर घरंच्या घरं भिवंडी, वसईकडे वीटभट्टीवर जातात, आणि रक्तदाबाची रोजची गोळी तिथं तुटते. सिकलसेलच्या रुग्णाची हायड्रॉक्सियुरियाही तशीच. म्हणून भात झोडून होण्याआधीच आशाताईनं अशा घरांची यादी केंद्राला द्यावी, डॉक्टरांनी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात आणि औषधाचं नाव, मात्रा कार्डावर मराठीत लिहावी, म्हणजे भट्टीजवळच्या दवाखान्यात तीच गोळी पुढे मिळेल.