वर्षाला दोनच चित्रं

गॅलरीत या वर्षाचे किती फोटो आहेत तुमच्या? त्यातले दोनच ठेवा म्हटलं तर? एक उन्हाळ्याचा, एक हिवाळ्याचा, बस्स!

अमेरिकेच्या मैदानी भागात बायसनच्या कळपांमागे घोड्यांवरून फिरणारे कायोवा लोक आपला इतिहास असाच ठेवायचे. सेट्टान नावाच्या कायोवाचं चित्र-कॅलेंडर १८९२पर्यंतच्या तब्बल साठ वर्षांचं आहे. हिवाळा म्हणजे काळी उभी रेघ, उन्हाळा म्हणजे सूर्यनृत्याचा मांडव आणि शेजारी त्या ऋतूतली एखादीच घटना. १८३३चा हिवाळा? ‘तारे पडले तो’. नोव्हेंबरातला तो लिओनिड उल्कावर्षाव खगोल अभ्यासकांच्या नोंदींतही सापडतो. म्हणजे यांचा हिशेब पक्का!

बायसन म्हणजे त्यांचं जेवण, तंबूचं कातडं, सगळंच. गोऱ्या शिकाऱ्यांनी कळपच्या कळप संपवले. १८७९च्या उन्हाळ्याचं नाव आहे ‘घोडे खाल्ले तो’. ज्या घोड्यांवर माणसाची श्रीमंती मोजायची, तेच कापून खावे लागले.

आणि १८९०? सैन्य येतंय हे कळलं, सूर्यनृत्य अर्ध्यात सोडून सगळे निघून गेले. त्या उन्हाळ्याचं नाव, ‘मांडवाचे खांब तसेच उभे राहिले तो’.