घरापर्यंत येणारे तीन मार्ग

भारतात विदेश संचार निगमाने सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्या काळी माहिती दूरध्वनीच्या तारेतून संथपणे येत असे. २००४ च्या धोरणाने ब्रॉडबँडसाठी सेकंदाला किमान २५६ किलोबिट वेग ठरवला. २०२३ मध्ये ही मर्यादा २ मेगाबिट झाली.

आज वेगाच्या स्पर्धेत तीन मार्ग आहेत. दूरचित्रवाणीची केबल घरोघरी आधीच पोहोचलेली असल्याने तिच्यावरून सेवा देणे सोपे जाते; परंतु एका केबलवर अनेक घरे अवलंबून असल्यामुळे गर्दीच्या वेळी वेग मंदावतो. ऑप्टिकल फायबर, म्हणजेच प्रकाशतंतू, केसासारख्या बारीक काचेतून प्रकाशाच्या साहाय्याने माहिती नेतो. त्याची क्षमता सर्वाधिक; मात्र खोदकाम खर्चाचे असते. बिनतारी सेवेत घरापर्यंत तार ओढावी लागत नाही. पण मनोऱ्याची क्षमता सर्व ग्राहकांत विभागली जाते आणि भिंतींमुळे लहरी क्षीण होतात.

विरळ वस्तीच्या गावांत नफा कमी असल्याने स्पर्धा उशिरा पोहोचते. म्हणूनच शासनाने २०११ मध्ये ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याची योजना मंजूर केली. तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले. परीक्षेचे अर्ज आणि बँकेचे व्यवहार इंटरनेटवरून होऊ लागल्याने, ही जोडणी नसलेले घर संधींपासूनही दूर राहते.