वशिंडावरचा अंगठा

पहाटे पाच. उठल्याबरोबर हात जातो तो चुलीवरच्या फळीकडं. काल केलेले बैल तिथं वाळत ठेवलेत. बेंदूर, आमच्याकडचा बैलांचा सण, आषाढात येतो आणि पाटणला आषाढात ऊन कुठलं? चुलीची धग हेच आमचं ऊन. दोन बैलांच्या पोटाला अजून गारवा लागतोय. ते पुन्हा धगीकडं सरकवते.

सात. माती उन्हाळ्यातच आणून, कुटून, चाळून ठेवलेली असते. रात्री भिजवलेला गारा मालक पायानं तुडवतात, मी त्यात चाळलेली लीद टाकत खडे वेचते. एक खडा राहिला, तर वाळताना चीर तिथंच पडते.

नऊ ते एक बैल. चाकाला पुरुषांनीच हात लावायचा, ही आम्हा कुंभारांची जुनी रीत. बैल चाकावर होत नाहीत, म्हणून ते बायकांच्या हातात आले. मला आत्याबाईंनी शिकवलं. गोळा लांबट करायचा आणि चारी पाय त्यातूनच ओढून काढायचे. वेगळे चिकटवलेले पाय वाळताना सुटतात. पाय आखूड आणि जाड हवेत. बारीक पाय पोटाआधी वाळतो आणि तडकतो. शेपूट अंगालाच चिकटवायची. मग मान, शिंगं, काडीच्या टोकानं डोळे. सगळ्यात शेवटी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत वशिंड उचलायचं. ते उठलं, की मातीचा गोळा खिलार होतो. एकाची मान जरा वळते, दुसरा पाय रोवून हटून बसल्यासारखा दिसतो. मी त्यांना सरळ करत नाही. पोरं नेमका असाच बैल उचलतात.

दोन. जेवताना नातवानं मोबाइलवर जपानमधल्या शिगाराकी गावाचे फोटो दाखवले. तिथले कुंभार भाजल्या मातीचा तानुकी नावाचा प्राणी करतात. ढेरपोट्या, डोक्यावर गवती टोपी, हातात दारूची सुरई. दुकानांच्या, खाणावळींच्या दारात तो उभा असतो. १९५१ साली सम्राट हिरोहितो त्या गावी गेले, तेव्हा वाटेवर हातात झेंडे दिलेले तानुकी रांगेनं मांडले होते म्हणे. आत्याबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. "पोट बघ कसं काढलंय," म्हणाल्या, "करणारा हसत हसत बसला असणार." मला पटलं. त्यांचा जीव पोटात, आमचा वशिंडात. त्यांची माती भट्टीत भाजून वर्षानुवर्षं टिकते, आमचे बैल कच्चेच असतात.

चार. सुकलेल्यांना चुना, काव, शिंगांना बेगड.

सहा. गिऱ्हाईक. पूर्वी कुंभारानं घरोघर जोडी पोचवायची आणि सुपातून धान्य यायचं, आता रोख. गोठ्यात ट्रॅक्टर उभा असलेली घरंसुद्धा पूजेला मातीची जोडी नेतात, याचं मला फार बरं वाटतं. शेजारच्या पाटीत साच्यातले प्लॅस्टरचे बैल असतात. गुळगुळीत, सगळ्यांचा चेहरा एकच. स्वस्त म्हणून लोक घेतात, पण ते पाण्यात विरत नाहीत.

रात्री नऊ. उद्याचा गारा भिजत घातला.

यंदा बेंदराला जोडी घ्याल, तेव्हा वशिंडावर बोट फिरवून बघा. हातानं केलेल्या बैलाला तिथं अंगठ्याचा खळगा लागतो. तो घ्या. पूजा झाली की पोरांना खेळायला द्या आणि मोडला की परड्यात टाका. दोन पावसांत त्याची पुन्हा माती होते.