रिकामी मोटार आणि अनुमानाचा दोष

धूर पाहून अग्नीचें अनुमान करावें, हें आपल्या न्यायशास्त्रांतील पहिलें उदाहरण. परंतु धुक्यालाच धूर समजल्यास पुढील तर्क कितीही रेखीव असला तरी तो व्यर्थ होय. इंग्लंडांत १९२६ सालीं घडलेलें एक प्रकरण या दृष्टीनें विचार करण्यासारखें आहे. त्यांत नाहींशी झालेली व्यक्ति म्हणजे रहस्यकथांच्या प्रख्यात लेखिका अगाथा ख्रिस्ती!

३ डिसेंबरच्या रात्रीं बाई सनिंगडेल येथील आपल्या घरून एकट्या मोटारींतून निघाल्या. दुसऱ्या दिवशीं सकाळीं गिल्डफर्डनजीक न्यूलँड्स कॉर्नर येथें, खडूच्या एका खाणीजवळ, ती मॉरिस गाडी रिकामी आढळली. आंत केसाळ कातड्याचा डगला व मुदत संपलेला परवाना होता. ऐन थंडींत डगला टाकून कोण जाईल? तेव्हां बाईंनीं जीव दिला असावा, नाहीं तर कोणीं त्यांचा घात केला असावा, असें बहुतेकांनीं ठरविलें. शेंकडों लोकांनीं रानें तुडविलीं, जवळचें तळें धुंडाळलें. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल यांनीं तर बाईंचा हातमोजा एका प्रेतविद्यावाल्याच्या हातीं दिला!

आतां वाचकांनींच पाहावें, रिकामी गाडी काय सिद्ध करते? चालविणारा तेथें नाहीं, एवढेंच. मेलेल्या माणसाची गाडी रिकामी असते, तशीच पायीं निघून गेलेल्या माणसाचीही असते. जो हेतु दोन्हीकडे सारखाच आढळतो, त्यास आपले नैयायिक 'सव्यभिचार' म्हणतात. शिवाय दिराला बाईंचें पत्र आलें होतें. यॉर्कशायरमधील आरोग्यस्थानीं जात असल्याचें त्यांत होतें. असें शब्दप्रमाण हाताशीं असतां सरे परगण्याच्या पोलिसांचें लक्ष मात्र खाणीवर आणि तळ्यावरच खिळून राहिलें.

१४ डिसेंबरला बाई यॉर्कशायरमध्येंच, हॅरोगेटच्या एका हॉटेलांत, सुखरूप सांपडल्या. तेथील वादकांनीं त्यांस ओळखलें होतें. नोंदवहींत त्यांनीं आपलें आडनांव 'नील' असें लिहिलें होतें. पतीचें मन जिच्यावर जडलें होतें, तिचेंच तें आडनांव. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें त्यांची आई वारली होती, आणि पुढें कांहीं महिन्यांतच पतीनें घटस्फोटाची गोष्ट काढली होती. डॉक्टरांनीं स्मृतिभ्रंश सांगितला. कित्येकांनीं ढोंग म्हटलें. घटस्फोट १९२८ सालीं झाला. बाईंच्या मृत्यूनंतर १९७७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांतही त्या अकरा दिवसांविषयीं अवाक्षर नाहीं.

तेव्हां कोडें अर्धेंच सुटलें. गाडी कोठें सोडली हें सर्वांस कळलें. मन कोठें हरवलें होतें हें कोणासच कळलें नाहीं. शोध करणारे खाणींत उतरले, तळ्यांत उतरले. परंतु आई गेलेल्या, पति दुरावलेल्या आणि सात वर्षांची मुलगी पदरीं असलेल्या त्या स्त्रीच्या घरांत त्या वर्षीं काय चाललें होतें, हा प्रश्न सर्वांत आधीं विचारावयास हवा होता. माणूस घराबाहेर पडण्यापूर्वीं पुष्कळदां घरांतच हरवलेलें असतें.