वेगवान गाडीचा हिवाळा

एडमंटनमध्ये ऑक्टोबरच्या मध्याला पहिला बर्फ पडला आणि त्याच संध्याकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, गाडी थांबलीच नाही हो." सिग्नल लाल झाला, त्याने ब्रेक दाबला, पायाखाली पेडल थरथरलं आणि गाडी हळूहळू घसरत चौकाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. आडव्या रस्त्याने त्या वेळी कुणी येत नव्हतं, म्हणून निभावलं.

गाडी साधीसुधी नाही. नाशिकच्या खोलीत भिंतीवर जिचा फोटो लावला होता, ती सुबारू डब्ल्यूआरएक्स एसटीआय त्याने इथे येऊन दोन वर्षं पैसे साठवून सेकंडहँड घेतली. अडीच लिटरचं टर्बो इंजिन, सुमारे ३०० हॉर्सपॉवर आणि चारही चाकांना ताकद. "चारही चाकं फिरतात ना तिची, मग घसरली कशी?" हा त्याचा प्रश्न. कॅनडाच्या या भागात नव्याने आलेला, गाडीवर जीव असलेला प्रत्येक मुलगा हाच प्रश्न विचारतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चारही चाकांना मिळणारी ताकद गाडी पुढे ढकलते. तिला थांबवतात ते ब्रेक, आणि चार चाकांना ब्रेक तर सगळ्यात स्वस्त हॅचबॅकलाही असतात. उलट अशा गाडीत एक धोका जास्त असतो. बर्फावरही ती सिग्नलवरून इतकी सहज सुटते, की रस्ता किती निसरडा आहे याचा अंदाजच येत नाही. तो येतो थेट ब्रेक दाबल्यावर. शेवटी गाडी रस्त्याला टेकते ती तळहाताएवढ्या चार ठिकाणी. तिथे रबर काय करतं, यावर सगळं अवलंबून.

भाच्याच्या गाडीला उन्हाळी टायर होते. रुंद, कमी उंचीचे, कोरड्या रस्त्यावर वळण घेताना जमिनीला चिकटून राहणारे. त्यांचं रबर उष्णतेत काम करण्यासाठीच बनवलेलं असतं. पारा ७ अंशांच्या खाली गेला की ते कडक होऊ लागतं. मी त्याला डिसेंबरात असा एक टायर गॅरेजबाहेर दाखवला. उणे वीस होतं. त्याने अंगठ्याचं नख रुतवायचा प्रयत्न केला, तर नखच दुमडलं. टायर लाकडासारखा लागत होता. शर्यतीच्या जातीचे काही टायर तर अशा थंडीत नुसती गाडी हलवली तरी तडकू शकतात. तशी सूचना टायर कंपन्या स्वतःच देतात.

हिवाळी टायरचं रबर वेगळं. गारठ्यातही ते मऊ राहतं आणि त्याच्या नक्षीत बारीक चिरा असतात. त्या चिरा उघडझाप करत बर्फाला धरून ठेवतात. हिवाळी टायरचा शोध फिनलंडचा. आज नोकियन नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने १९३४ साली ट्रकसाठी पहिला हिवाळी टायर काढला आणि १९३६ मध्ये मोटारींसाठी हाक्कापेलिता. घेताना टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चित्र आहे का, ते पाहावं. नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेलं असेल तर त्यावरून फक्त नक्षीचा प्रकार कळतो, बर्फावरची परीक्षा तो टायर उत्तीर्ण झाल्याचं नाही.

आणि इथे वेगवान गाडीवाल्याला मन घट्ट करावं लागतं. उन्हाळ्यात रुंद टायर चांगला, हिवाळ्यात अरुंद. रुंद टायर मऊ बर्फावर तरंगतो, अरुंद टायर तो कापत खालच्या घट्ट थरापर्यंत पोचतो. म्हणून जाणते लोक हिवाळ्यासाठी एक-दोन इंचांनी लहान रिम आणि उंच कडेचे टायर यांचा वेगळा संच ठेवतात. खड्डा बर्फाखाली दडलेला असतो, तेव्हा टायरची ती उंच कडच रिमला वाचवते. मात्र अशा गाड्यांचे ब्रेक कॅलिपर अंगाने मोठे. लहान रिम त्यांना घासते की नाही, हे विकत घेण्याआधी बसवून पाहिलंच पाहिजे. हवाही वारंवार तपासावी. पारा ५० अंशांनी उतरला की टायरमधली हवा आठ-नऊ पीएसआयने कमी भरते.

क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. आमच्या अल्बर्टात तसा कायदा नाही. तो व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

टायरनंतर इंजिन. उणे तीसला रात्रभर बाहेर उभ्या राहिलेल्या गाडीची ऑइलची काडी सकाळी काढून पाहा. चुकीचं ऑइल असेल तर ते काडीवरून काकवीसारखं लोंबतं, टपकत नाही. सेल्फ मारल्यावर हे घट्ट ऑइल पंपाला ओढता येत नाही आणि मिनिटाला हजारो फेऱ्या घेणारा टर्बोचा दांडा तेवढा वेळ कोरडा फिरतो. डब्यावरच्या आकड्यातलं 'डब्ल्यू' हे अक्षर विंटरचं. १५डब्ल्यू ऑइल उणे २५ पर्यंत पंपाने ओढलं जातं की नाही, याची चाचणी झालेली असते. ५डब्ल्यूची उणे ३५ ला होते, ०डब्ल्यूची उणे ४० ला. उन्हाळ्यात ट्रॅकवर पळवण्यासाठी जाड ऑइल भरलं असेल, तर पहिल्या बर्फाआधी ते काढायलाच हवं. बदली कोणतं चालेल, ते गाडीच्या पुस्तकात पाहावं.

इथे नवा आलेला माणूस पार्किंगमध्ये एक गोष्ट पाहून थबकतो. गाड्यांच्या जाळीतून विजेचा प्लग बाहेर लोंबत असतो. हा ब्लॉक हीटर. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाच्या ग्रँड फोर्क्स गावच्या अँड्र्यू फ्रीमन यांना १९४९ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. आकाराने लहान, पण साधारण ४०० ते १००० वॅटचा, म्हणजे जवळपास इस्त्रीएवढी वीज घेणारा. तो इंजिनातलं कूलंट गरम ठेवतो. रात्रभर लावायची गरज नाही, निघण्याआधी तीन-चार तास पुरतात, म्हणून लोक टायमर लावतात. १३ जानेवारी २०२४ ला पारा उणे ४० च्याही खाली गेला आणि अल्बर्टाचं वीजजाळं तुटायच्या बेताला आलं. त्या संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर सरकारी इशारा वाजला, वीज वाचवा. ब्लॉक हीटर इतक्यात लावू नका, हेही त्यात होतं.

कूलंटबाबत एक गैरसमज मी नेहमी ऐकतो, की ते जितकं दाट तितकं बरं. तसं नाही. शुद्ध ग्लायकॉल उणे १३ च्या सुमारास गोठतं. त्यात निम्मं पाणी घातलं की मिश्रण उणे ३७ पर्यंत टिकतं, आणि साठ टक्के ग्लायकॉल असेल तर उणे ५० च्या आसपास. बॅटरीचंही असंच न दिसणारं गणित आहे. पूर्ण भरलेली बॅटरी इथल्या थंडीत गोठत नाही. उतरलेली मात्र उणे दहाच्या आसपासच गोठू शकते, कारण तिच्यातल्या आम्लाचं जवळजवळ पाणी झालेलं असतं.

गाडी सुरू झाली की बरेच जण ती अर्धा तास तशीच उभी ठेवतात. टर्बो गाडीला हे मानवत नाही. थंड इंजिनात पेट्रोल जास्त सोडलं जातं, ते पूर्ण जळत नाही आणि पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल पातळ होतं, बेअरिंग झिजतात. दोन-तीन मिनिटं थांबून सावकाश निघावं. पहिला किलोमीटर गाडी धाडधाड उडते, कारण रात्रभर वजनाखाली राहून टायर खालून चपटे झालेले असतात. इथे त्यांना चौकोनी टायर म्हणतात. आपोआप गोल होतात, घाबरू नये. आणि डॅशबोर्डवरचा कूलंटचा काटा वर आला म्हणून लगेच दामटू नये. ऑइल त्याच्या बरंच मागून तापतं. ऑइलचा वेगळा मीटर असेल तर त्यावर डोळा ठेवा.

पुणे-मुंबईच्या वाचकाला कदाचित माहीत नसेल, की थंडीत इंजिनाची ताकद वाढते. उणे ३० ची हवा अधिक ३० च्या हवेपेक्षा जवळपास पाव पटीने दाट असते. ज्यांनी उन्हाळ्यात गाडी ट्यून करून घेतली आहे, त्यांच्या टर्बोचा दाब गारठ्यात ठरलेल्या मर्यादेपुढे उसळू शकतो. ट्यून करणाऱ्याकडून हिवाळ्यासाठी वेगळी सेटिंग करून घ्यावी. रस्त्यावर पकड नसताना आणि इंजिन पुरतं तापलेलं नसताना ती जादाची ताकद वापरायला जागाच नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. रात्री हँडब्रेक ओढू नका, ओली केबल गोठते. गाडी गिअरमध्ये ठेवा. दाराच्या रबराला सिलिकॉन लावा, नाहीतर दार उघडताना रबर फाटून हातात येतं. काच धुण्याचं पाणी उणे ४० चं घ्या. पुढचा खाली लोंबणारा ओठ काढून ठेवा, साचलेल्या बर्फात तो नांगर होतो आणि मोडतो. कडाक्याच्या थंडीत साधं मीठ काम करेनासं होतं, म्हणून इथे रस्त्यावर वाळू-खडीही टाकतात; ती रंग आणि काच दोन्ही खाते, तेव्हा मडफ्लॅप हवेच. गाडीखाली गंजरोधक तेल मारून घ्या. डिकीत फावडं, ब्लँकेट आणि मेणबत्ती ठेवा. बर्फात अडकलात आणि इंजिन चालू ठेवलंत, तर आधी उतरून सायलेन्सरचं तोंड मोकळं करा. ते बुजलं की विषारी वायू आत येतो, आणि त्याला वास नसतो.

भाच्याने टर्बोचा आवाज वाढवणारा महागडा सायलेन्सर घ्यायचं ठरवलं होतं. ते पैसे त्याने हिवाळी टायर आणि १७ इंची रिमवर घातले. पुढच्या बर्फात आम्ही दोघं एका रिकाम्या पार्किंगमध्ये गेलो आणि तासभर फक्त ब्रेक दाबून पाहिले. किती वेगाला किती अंतर लागतं, ते त्याच्या पायाला कळेपर्यंत.

यंदा कॅनडात पहिला हिवाळा काढणाऱ्या मराठी मुलामुलींना एवढंच सांगणं आहे : टायरवाल्याची वेळ सप्टेंबरातच घ्या, पहिला बर्फ पडला की दुकानांपुढे आठवड्यांची रांग लागते. आणि चाकं बदलल्यावर शंभर किलोमीटरच्या आत सगळे नट टॉर्कच्या पान्याने पुन्हा एकदा आवळून घ्या.